सराफ्याच्या ओट्यावर टाइपस्क्रिप्ट

इंदूरच्या सराफ्यात रात्री दागिन्यांच्या दुकानांची शटरं पडतात आणि त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याच्या किसाच्या कढया लागतात. खवय्यांसाठी वेगळा बाजार बांधायची गरज कुणाला पडली नाही. परवा तिथेच भाच्याला विचारलं, "तुम्ही प्रोग्रामर मंडळी नवं टूल घ्यायचं की नाही, हे कशावरून ठरवता रे?"

"मामा, पाच मिनिटांत चाललं नाही तर टॅब बंद."

उत्तर उडवाउडवीचं वाटलं, पण जावास्क्रिप्टची गोष्ट त्याच्याच बाजूने बोलते. वेबपानं चालतात ती या भाषेवर, आणि तिच्या खोड्या जुन्या आहेत. अवतरणातल्या "5" मध्ये साधे 5 मिळवा, उत्तर 10 नाही, "55" येतं! वर ती तक्रारही करत नाही. घोळ कळतो तो प्रोग्राम चालवल्यावर. उपाय म्हणून गूगलने 2011 साली डार्ट ही नवी भाषा आणली, तर 2012 साली मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्ट. डार्ट नीटनेटकी, पण जुना कोड तिच्यात नव्याने लिहायचा. टाइपस्क्रिप्टने जुन्याला हात लावला नाही. फाइलच्या नावातलं 'जेएस' पुसून 'टीएस' लिहायचं, जमेल तिथे हा आकडा, हा मजकूर अशी नोंद करायची. "55"सारखे बरेच घोळ मग लिहितानाच लाल रेघेखाली दिसतात. शेवटी बाहेर पडतं ते साधं जावास्क्रिप्टच, म्हणून ब्राउझरला काही पत्ताच नसतो. 2015 साली गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमध्ये डार्ट थेट चालवणारं इंजिन बसवायचा बेत सोडला. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्यांच्याच अँग्युलर या वेबसाइटी बांधायच्या साधनाच्या गटाने टाइपस्क्रिप्ट घेतल्याचं जाहीर केलं. डार्टला पुढे फ्लटर या गूगलच्याच ॲप बनवायच्या साधनाने हात दिला, तो मोबाइल ॲपच्या दुनियेत.

सोपेपणाच सगळं ठरवतो असंही नाही. गिट आणि मर्क्युरिअल, कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारी दोन टूलं, 2005 च्या एप्रिलमधलीच. मर्क्युरिअल शिकायला सोपं, असं वापरणारे सांगत. पण गिटच्या पाठीशी लिनक्स ही संगणकप्रणाली होती, आणि 2008 पासून गिटहब ही कोड ठेवायची, वाटून घ्यायची वेबसाइटही. सोबती तिथे, अडलेल्याला उत्तरही तिथेच.

कीस संपवता संपवता भाच्याला विचारलं, तुमच्याकडे सगळं टाइपस्क्रिप्टमध्ये आलं का?

"छे! चाळीसेक फाइली अजून जुन्याच आहेत. चालू आहेत ना, कोण हात लावतो?"