वाइन, प्राचीन इजिप्तमधील

प्राचीन इजिप्तमध्ये वाइन हे राजघराण्याचे, देवळांचे आणि धनिकांचे पेय होते. सामान्य माणूस बीअर पीत असे. वाइनला तेथे ‘इर्प’ म्हणत.

द्राक्षवेल या देशातली मूळची नव्हे. अबायडॉस येथे इ. स. पू. ३१५० च्या सुमाराच्या एका शासकाच्या थडग्यात वाइनचे शेकडो घडे सापडले. ही वाइन भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडून आलेली असावी, असे संशोधक मानतात. तिच्यात राळ आणि काही घड्यांत अंजिरेही होती. पुढे नाईलच्या त्रिभुज प्रदेशात आणि पश्चिमेकडील मरूद्यानांत द्राक्षमळे फुलले.

थीब्जच्या नख्त या अधिकाऱ्याच्या थडग्यात भिंतीवर सगळा खटाटोप रंगवलेला आहे : मांडवावरचे घड तोडणारे लोक, हौदात वरून सोडलेल्या दोऱ्या धरून द्राक्षे तुडवणारे गडी, शेजारी ओळीने लावलेले घडे. उरलेला चोथा कापडी पिशवीत भरून काठ्यांनी पीळ देऊन पिळत. घड्यांची तोंडे चिखलाने लिंपून त्यावर शिक्का उठवत.

सर्वांत बोलके आहेत ते घड्यांवर शाईने लिहिलेले मजकूर. १९२२ मध्ये उघडलेल्या तुतानखामुनच्या थडग्यातील घड्यांवर राज्यवर्ष, मळा आणि मुख्य मद्यकार यांची नोंद आहे. आजच्या बाटलीवरची चिठ्ठी याहून फार काही सांगत नाही. एका घड्यावर ‘वर्ष ३१’ आहे. तुतानखामुनने जेमतेम दहा वर्षे राज्य केले, म्हणजे ही वाइन आधीच्या राजाच्या काळातली, बहुधा तिसऱ्या आमेनहोतेपच्या. काही ठिकाणच्या घड्यांवर ‘चांगली’, ‘फार चांगली’ असा शेराही आढळतो. रंग मात्र कोणी लिहिला नाही. तुतानखामुनच्या एका घड्यातली वाइन लाल होती, हे २००४ मध्ये प्रयोगशाळेत तळाच्या अवशेषांवरून ठरले.

देवांना आणि मृतांना वाइनचा नैवेद्य असे. ओसायरिसला वाइनचा स्वामी म्हणत. द्राक्षे पिळणारा देव शेस्मू तर परलोकात पाप्यांची डोकीही पिळून काढी. हाथोर देवीच्या उत्सवात झिंगणे हा विधीचाच भाग होता. बुबास्तिसच्या जत्रेत उरलेल्या वर्षभरापेक्षा जास्त वाइन संपते, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. आणि त्याच ग्रंथात थोडे पुढे, या देशात द्राक्षवेलीच नाहीत, असेही सांगतो.