हाताला न लागणारी गाठ

ऑक्टोबर उजाडला की पुण्यात स्तनाच्या कर्करोगाबद्दल सावध करणाऱ्या गुलाबी फितींचं पीक येतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका ऑक्टोबरात मावशीला घेऊन टिळक रोडवरच्या एका तपासणी केंद्रात बसलो होतो. समोर पोस्टर होतं : ‘स्तनात गाठ लागली? लगेच दाखवा.’ सल्ला चुकीचा नव्हता, अपुरा होता. मावशीला गाठ लागलीच नव्हती.

तिच्या ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी माप घेताना विचारलं होतं, “काकू, डावी बाजू एवढी घट्ट का लागतेय? दिवाळीला तर बरोबर बसला होता.” मावशीने चाचपून पाहिलं. कुठे गोळा नाही, दुखत नाही, फक्त एका बाजूला जरा निबरपणा. “दुखत नाही ना, मग जाऊ दे,” म्हणून दोन महिने गेले.

स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. आणि हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तितकंच खरं. पण कर्करोग असूनही गाठ लागत नाही, हे कसं?

त्यासाठी पेशी एकमेकींना चिकटतात कशा, ते बघावं लागेल. माझा हा आवडीचा विषय आहे, तेव्हा थोडं सोसा. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी मी एका विज्ञान दिनाला गणेशखिंडीत सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या होत्या. जुन्या वाड्यातल्या शहाबादी फरशीसारख्या, एकीला एक खेटून बसलेल्या. त्यांना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव ई-कॅडहेरिन. पेशीच्या पटलातून ते बाहेर डोकावतं आणि शेजारणीच्या तशाच प्रथिनात अडकतं. आतल्या बाजूला कॅटेनिन नावाची प्रथिनं त्याला पेशीच्या सांगाड्याशी बांधून ठेवतात. बाहेरचा भाग ताठ राहायला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम काढून घेतलं की तो ढिला पडतो आणि पेशी सुट्या होतात. जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी १९७०च्या दशकात कॅल्शियमवर चालणारी ही पकड ओळखली. (कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन ही पकड घट्ट होत नाही. असा फॉरवर्ड यायच्या आत सांगून ठेवतो.)

आता स्तनात या. दूध तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी आणि ते वाहून नेणाऱ्या नळ्या, अशी तिथली रचना. कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार नळीचा, म्हणजे डक्टल. त्यात ई-कॅडहेरिन बहुधा शाबूत असतं. पेशी झुबक्यांनी वाढतात, भोवती शरीर टणक तंतू विणतं आणि हाताला खडा लागतो. लोब्युलर हा दुसरा प्रकार, शंभरात साधारण दहा ते पंधरा. त्यात सोळाव्या गुणसूत्रावरचं सीडीएच१ हे ई-कॅडहेरिनचं जनुक बिघडतं, ते प्रथिन नाहीसं होतं. बेसनात तूप कमी पडलं की लाडू वळत नाही, हातात भुगा येतो, तसं. सुट्या पेशी तंतूंच्या फटींमधून एकीमागे एक, मुंग्यांसारख्या सरकत जातात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत या रांगेला ‘इंडियन फाइल’ म्हणत. त्यातले इंडियन आपण नव्हे, अमेरिकेतले. अशा रांगा आजूबाजूची रचना फारशी मोडत नाहीत, म्हणून गोळा कमी आणि निबरपणा जास्त. मॅमोग्राफीतही, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेतही, हा प्रकार निसटू शकतो. तिथे सोनोग्राफी आणि एमआरआय कामाला येतात. सगळेच लोब्युलर असे लपत नाहीत, काहींत गाठ लागते.

म्हणजे गाठीखेरीज इतर खुणाही बघायच्या. गादीवाला दोरा ओढून टाका घालतो तिथे खळगा पडतो. तसेच स्तनातले कातडीला जोडलेले तंतू आतून ओढले गेले की कातडीवर खळगा पडतो. हात वर केले की तो जास्त दिसतो. आजवर बाहेर असलेलं स्तनाग्र आत जाणं, त्यातून रक्ताळ स्राव येणं, मलमाने न जाणारी तिथली खाज-खपली, काखेतली गाठ. संत्र्याच्या सालीसारखी जाड, लालसर, गरम कातडी आठवड्यांत वाढत असेल तर ते गळूच असेल असं धरून बसू नये. या रोगाच्या एका दुर्मीळ पण आक्रमक प्रकारात कातडीतल्या लसिकावाहिन्या कर्करोगाच्या पेशींनी तुंबलेल्या असतात. पुरुषांनाही हा रोग होतो, शंभरात एखादा रुग्ण पुरुष असतो.

बायोप्सी, म्हणजे सुईने बारीक तुकडे काढून तपासणं, ठरली तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी बजावलं, “सुई लावू नका, पसरतो.” हा समज किती बायकांचे महिने खातो! खरं तर काडेपेटीतल्या काडीएवढ्या त्या तुकड्यांवाचून औषध ठरतच नाही. त्यांच्यावर रंग चढवून तीन गोष्टी पाहतात : इस्ट्रोजेनचे ग्राहक (म्हणजे त्या हार्मोनला पकडणारी प्रथिनं), प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक आणि हर-टू हे पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन. पहिले दोन पेशीच्या केंद्रकात तपकिरी ठिपक्यांसारखे उमटतात, हर-टू पेशीच्या कडेने जाळीसारखा. हर-टू ‘२+’ आला तर निर्णय अधांतरी. मग फिश चाचणीत सतराव्या गुणसूत्रावर हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजतात. तिन्ही नसतील तर ट्रिपल निगेटिव्ह. तिथे हार्मोन अडवणाऱ्या गोळ्या चालत नाहीत, मुख्य भर केमोथेरपीवर.

मावशीच्या रिपोर्टात चौथी ओळही होती : ई-कॅडहेरिन निगेटिव्ह. म्हणजे लोब्युलर. इस्ट्रोजेनचे ग्राहक मात्र भरपूर, या प्रकारात बहुधा असतातच. शस्त्रक्रिया झाली. पाळी गेल्यावरही चरबीतलं अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. ते अडवणारी लेट्रोझोलची एक गोळी ती रोज रात्री जेवणानंतर घेते. ब्लाउज त्याच बाईंकडे शिवते, आता दोन्ही बाजूंचं माप वेगळं लिहून.