पेनड्राइव्ह एक, ऑपरेटिंग सिस्टिम हव्या तेवढ्या

लिनक्स टाकायचं म्हटलं की बरेच जण पेनड्राइव्ह पुसतात, त्यावर एक आयएसओ (ऑपरेटिंग सिस्टिमची इन्स्टॉल डिस्क एका फाइलमध्ये) लिहितात, आणि चार दिवसांनी विंडोज टाकायची वेळ आली की तोच पेनड्राइव्ह पुसून परत पहिल्यापासून सगळं. ६४ जीबीतले ४-५ जीबी वापरात, बाकी जागा नुसती पडून. व्हेंटॉय हे २०२० मध्ये आलेलं मोफत टूल हा सगळा त्रास संपवतं. ते एकदाच पेनड्राइव्हवर टाकायचं, त्यानंतर उबंटू, मिंट हे लिनक्सचे प्रकार, विंडोज ११, डिस्कची प्रत काढणारं क्लोनझिला, ज्याची हवी त्याची आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करायची, कॉम्प्युटर चालू करताना मेनू येतो त्यातून निवडायचं, झालं.

बघणाऱ्याला मेनूचं कौतुक वाटतं, पण मला विचाराल तर मेनू हा त्यातला सोपा भाग आहे, खरी करामत मेनूनंतर होते.

आधी सुरुवात बघू. कॉम्प्युटर चालू होताच सगळ्यात आधी चालतो तो मदरबोर्डवरचा प्रोग्राम, जुन्या मशीनमध्ये बायोस आणि नव्यात यूईएफआय. जुनं बायोसवालं मशीन पेनड्राइव्हचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं, त्याच्या शेवटी ५५ एए ही खूण दिसली की तिथला कोड चालवतं, आणि त्या कोडला जागा किती तर ४४६ बाइट. नवीन यूईएफआयला फॅट फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) वाचता येते, त्यामुळे ते ईएफआय फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. म्हणून व्हेंटॉय पेनड्राइव्हचे दोन भाग करतं: ३२ एमबीचा छोटा फॅट भाग स्वतःसाठी, आणि उरलेला मोठा एक्सफॅट भाग आपल्या फाइलींसाठी. मोठा भागही फॅट३२ का नाही, तर त्यात ४ जीबीची फाइलसुद्धा बसत नाही आणि विंडोजची आयएसओ त्याहून मोठी असते.

आता मुख्य अडचण. आयएसओ म्हणजे मुळात सीडी-डीव्हीडीची जशीच्या तशी प्रत. मेनूतून उबंटू निवडलं की ग्रब नावाचा बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) त्या फाइलच्या आत शिरून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलतो, मेमरीत ठेवतो आणि चालू करून देतो, इथपर्यंत ठीक. पण कर्नल एकदा चालू झाला की ग्रबचं काम संपलं, कर्नल स्वतःच्या ड्रायव्हरने आजूबाजूला बघतो आणि आपली डिस्क, म्हणजे ती डीव्हीडी, शोधायला लागतो, आणि त्याला दिसतो फक्त एक पेनड्राइव्ह, त्यात एक्सफॅट भाग, त्यात काही मोठ्या फाइली. त्याची डिस्क कुठंच नाही! मग गाडी तिथंच अडते.

पूर्वी यावर उपाय म्हणजे प्रत्येक लिनक्ससाठी वेगळी सेटिंग हातानं लिहायची, उबंटूची एक तर आर्चची भलतीच, आणि नवीन व्हर्जनमध्ये काही बदललं की परत शोधाशोध. व्हेंटॉय मात्र, निवडलेली आयएसओ पेनड्राइव्हच्या नेमक्या कुठल्या ब्लॉकमध्ये आहे याचा नकाशा आधीच बनवतं, लिनक्स सुरू होताना आपला छोटा प्रोग्राम मध्ये घुसवतं, आणि डिव्हाइस मॅपर या कर्नलमधल्याच सोयीनं ते ब्लॉक जोडून एक आभासी डिस्क उभी करतं. कर्नलला वाटतं डीव्हीडी मिळाली. विंडोजमध्ये सेटअपच्या आधी व्हेंटॉयचा प्रोग्राम चालतो आणि आयएसओ आभासी ड्राइव्ह म्हणून जोडतो. मूळ आयएसओ फाइलला हातही न लावता हे सगळं होतं, हे मला फार आवडतं.

वापरताना एवढं सांभाळा. व्हेंटॉय पहिल्यांदा टाकताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, ड्राइव्ह निवडताना दोनदा बघा, नंतर अपडेट करताना मात्र फाइली राहतात. सिक्युअर बूट (ओळखीचाच बूटलोडर चालू देणारी सुरक्षा) चालू असेल तर पहिल्या वेळी निळी स्क्रीन येते, तिथं व्हेंटॉयची की (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) नोंदवावी लागते, लोक घाबरून तिथंच सोडून देतात. आणि डाउनलोड केलेल्या आयएसओचा शा-२५६ कोड (फाइलवरून काढलेला तिचा जणू ठसा) वेबसाइटवरच्या कोडशी जुळवून बघाच, कारण अर्धवट उतरलेली फाइल मेनूत अगदी व्यवस्थित दिसते आणि इन्स्टॉलच्या मध्येच दगा देते.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चांगली चालणारी कितीतरी मशीन ११ च्या अटींत बसत नाहीत, ती भंगारात जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. अशा मशीनवर तीन-चार लिनक्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून, चालवून बघा, हार्डडिस्कला हात न लावता कळतं वायफाय कशात चालतं, आवाज कशात येतो, प्रिंटर कोण ओळखतं.