व्हीडीईएस: एआयएसची गर्दी आणि सॅटेलाइटवरून अडलेली चार वर्षं

व्हीडीईएस म्हणजे व्हीएचएफ या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओ लहरींवरून जहाजांचा डेटा पाठवायची नवी व्यवस्था. तिची गरज का पडली ते एआयएसवरूनच कळतं, म्हणजे जहाजाने आपली ओळख आणि पोझिशन रेडिओवर आपोआप सांगत राहायची आधीची व्यवस्था. २००४ संपेपर्यंत परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० ग्रॉस टनेज आणि त्यावरच्या जहाजांवर एआयएस सक्तीचं झालं, मूळ हेतू टक्कर टळावी एवढाच. एका चॅनेलवर मिनिटाला २२५० स्लॉट, म्हणजे मेसेज पाठवायचे वेळेचे तुकडे, प्रत्येक स्लॉट जेमतेम २६.६७ मिलिसेकंदांचा आणि २५६ बिटचा. पोझिशन, वेग, दिशा सांगायला हे भरपूर झालं. पण मग हवामान, पाण्याची पातळी, बंदराच्या सूचना असं बरंच काही त्याच दोन चॅनेलवर यायला लागलं आणि जिथे जहाजांची वर्दळ जास्त तिथे चॅनेल भरायला लागले. म्हणून बाकीचा डेटा शेजारच्या व्हीएचएफ चॅनेलवर हलवायचं ठरलं, तिथे १०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ३०७.२ किलोबिट प्रति सेकंदापर्यंत स्पीड मिळतो, एआयएसचा ९.६ आहे.

खरा वाद झाला तो हाच डेटा सॅटेलाइटमार्फतही पाठवण्यावरून. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेत जहाज ते किनारा या भागाला चॅनेल मिळाले, सॅटेलाइटचा भाग पुढे ढकलला. आक्षेप असा की याच फ्रिक्वेन्सी जमिनीवर वॉकीटॉकीसारख्या सेवा वापरतात आणि सॅटेलाइटचा सिग्नल काही किनाऱ्यापाशी थांबत नाही, हजारो किलोमीटर आत जमिनीवरही पडतो. आक्षेपात तथ्य होतं, पण किंमत खोल समुद्रातल्या जहाजांनी मोजली असं मला ठाम वाटतं, कारण व्हीएचएफ किनाऱ्यापासून काही दहा मैलच पोचतं आणि पुढे किनाऱ्यावरचा टॉवर काही कामाचा नाही. ध्रुवाकडे तर अजून पंचाईत, ७५ अंश अक्षांशाच्या वर विषुववृत्तावरचे स्थिर सॅटेलाइट क्षितिजाला टेकतात आणि बर्फाचा ताजा नकाशा हवा असतो नेमका तिथेच.

परिषदेच्या निर्णयाची वाट न बघता नॉर्वेने जुलै २०१७ मध्ये बायकोनूरवरून नॉरसॅट-२ हा सॅटेलाइट सोडला आणि सुमारे ६०० किलोमीटरवरून चाचण्या सुरू केल्या. कागदावरच्या हिशोबापेक्षा प्रत्यक्ष मोजलेल्या सिग्नलला जास्त वजन असतं, त्यामुळे हे पाऊल मला फार मोलाचं वाटतं. २०१९ ला शर्म अल शेखच्या परिषदेत शेवटी सॅटेलाइटला जागा मिळाली, पण दुय्यम दर्जाची, जमिनीवर पडणाऱ्या सिग्नलच्या ताकदीवर मर्यादा घालून. म्हणजे मुख्य सेवेला त्रास द्यायचा नाही आणि तिच्याकडून त्रास झाला तर तक्रारही करायची नाही!

त्यानंतरच्या चाचण्यांमध्ये बघायची मोठी गोष्ट म्हणजे एआयएसला धक्का तर लागत नाही ना. एआयएस १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर, हवामान, बंदराच्या सूचना अशा मेसेजचे नवे चॅनेल १६१.९५० आणि १६२.००० वर, मध्ये अंतर फक्त २५ किलोहर्ट्झ, आणि एकाच जहाजावर शेजारी ट्रान्समिट चालू असताना एआयएसचा रिसीव्हर बहिरा झाला तर समोरून येणारं जहाज स्क्रीनवर दिसणारच नाही. बाल्टिक समुद्रात व्हीडीईएसच्याच सिग्नलवरून जीपीएसशिवाय पोझिशन काढायचेही प्रयोग झालेत, तिथे जीपीएस जॅम होण्याचा त्रास बघता त्याकडे आता जास्त लक्ष आहे.