कॅबिनेटला आतून रंग देताय? आधी हे वाचा

कॉम्प्युटरचं कॅबिनेट आतून रंगवायचं म्हणजे स्प्रेचा डबा आणला आणि मारला, असा बहुतेकांचा समज असतो. पंधरा दिवस तो रंग छान दिसतोही. मग ग्राफिक्स कार्ड काढताना स्क्रू-ड्रायव्हर घसरतो, नखाएवढा पापुद्रा उचलला जातो आणि त्याखाली पत्रा अगदी कोरा दिसतो. रंगाने पत्रा धरलेलाच नसतो.

याचं कारण जस्त. कॅबिनेटचा पत्रा साधारण ०.५ ते ०.८ मिमी जाडीचा. गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा पातळ थर चढवलेला असतो. जुन्या कॅबिनेटचा आतला मळकट रुपेरी रंग तो हाच. ऑइल पेंट थेट त्यावर दिला तर रंगातल्या तेलाचा जस्ताशी संयोग होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि पकड सुटते. खिडकीच्या ग्रिलला लावतात तो रेड ऑक्साइड प्राइमरही म्हणूनच इथे नको, तो उघड्या लोखंडासाठी. आम्ही नाशिकला हे रंगकाम करतो, तेव्हा एच (etch) प्राइमर किंवा इपॉक्सी प्राइमरच वापरतो. कॅबिनेट आतून कंपनीकडूनच काळं आलं असेल तर काम सोपं: जुना रंग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने खरवडला की पुरतं. तरी आधी एका कोपऱ्यात नवा रंग मारून बघतो. थिनर जुन्या रंगाला चढला तर तासाभरात सुरकुत्या येतात.

आमच्याकडे कॅबिनेट आणण्यापूर्वी

डेटाचा बॅकअप तुम्ही घ्यायचा. काचेचा साइड पॅनेल घरीच ठेवा. सुटे भाग काढायला आम्ही आहोत. पण स्वतः काढणार असाल तर पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी मदरबोर्डवर कुठे लागतात त्याचा फोटो काढून ठेवा, नंतर फार डोकं खातात. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, अख्खा बाहेर निघतो, त्याचं झाकण आम्ही उघडत नाही आणि तुम्हीही उघडू नका. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

रंगाआधीचं काम

खरा वेळ इथे जातो. ड्राइव्हचे खण आणि मदरबोर्डचा पत्रा पॉप रिवेटने बसवलेले असतात. रिवेट ३.२ मिमीच्या ड्रिलने उडवून सगळे भाग सुटे केले तरच कोपऱ्यात रंग पोचतो, शेवटी नवे रिवेट मारायचे. ड्रिलचा बारीक चुरा मदरबोर्डवर पडला तर शॉर्ट होतो, म्हणून हे काम रिकाम्या सांगाड्यावरच.

मग भांडी घासायच्या लिक्विड सोपने धुणं, कारण पत्र्याला प्रेसमधलं तेल राहिलेलं असतं. धुऊन झालं की वरून पाणी ओतून पाहायचं. पाण्याचा सलग पडदा राहिला तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन पाणी आकसलं तर तेल आहे, पुन्हा धुवा. वाळल्यावर ४०० चा पेपर हलक्या हाताने, चमक जाईपर्यंतच. जोर लावला तर जस्तच निघून जातं आणि तिथे पुढे गंज धरतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात. यानंतर उघड्या बोटांनी पत्र्याला हात लावायचा नाही.

जिथे रंग नकोच

हे ग्राहक हमखास विसरतात. रंगातून वीज जात नाही, आणि कॅबिनेटचा पत्रा अर्थिंगचा भाग आहे. एसएमपीएस जिथे टेकतो ती चौकट, मदरबोर्ड ज्यांवर बसतो त्या पितळी स्टँडऑफखालच्या जागा, मागच्या पोर्टांभोवतीच्या आय-ओ प्लेटची कड आणि कार्डांच्या पट्ट्या जिथे स्क्रूने आवळतात ती जागा उघडीच ठेवावी लागते. तिथे मास्किंग टेप लावतो आणि आट्यांच्या भोकांत जुने स्क्रू फिरवून ठेवतो. हे चुकलं तर हेडफोनमध्ये गुणगुण, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या, असल्या तक्रारी येऊ शकतात. जोडणीनंतर मल्टीमीटरचं एक टोक एसएमपीएसच्या स्क्रूवर, दुसरं स्टँडऑफवर ठेवून बघतो. एक ओहमच्या आत यायला हवं. तुमच्या घरच्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर मात्र रंगाला दोष देऊ नका.

रंग

मध्यम आकाराच्या कॅबिनेटला (मिड टॉवर) ४०० मिलीचा प्राइमरचा एक आणि रंगाचे दोन डबे लागतात. अंतर वीत-सव्वा वीत, म्हणजे २० ते २५ सेंमी. प्राइमरचे दोन हात, रंगाचे तीन, सगळे पातळ, मध्ये १० ते १५ मिनिटं. पहिल्या हातात पत्रा झाकायला गेलात की ओघळ आलाच. टेप शेवटचा हात किंचित ओला असतानाच काढायची. कडक झाल्यावर काढली तर कड तुटते.

नाशिकच्या हवेचंही ऐका. पावसाळ्यात हवा दमट असली की स्प्रेच्या लॅकर रंगावर पांढुरकी झाक बसते, म्हणून सततच्या पावसात आम्ही काम पुढे ढकलतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत सकाळी डब्यातला दाब कमी पडून रंग थुंकल्यासारखा उडतो. डबा कोमट पाण्यात ठेवावा, गॅसजवळ कधीच नाही. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर मारलात तर रंग पत्र्यावर पोचेपर्यंत सुकतो आणि हाताला खरखरीत लागतो.

पांढऱ्या रंगाने आतला उजेड खुलतो, पण धूळ आणि काळ्या वायरी डोळ्यांत येतात. मॅट काळा सगळं पोटात घेतो. रंग बदलून कॉम्प्युटर थंड राहतो का, असं विचारतात. फरक पडत नाही, थंडावा पंख्यांच्या हवेने येतो.

पावडर कोटिंग हवं असेल तर

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींकडे ते होतं आणि स्प्रेपेक्षा ते दणकट. पण भट्टी १८० ते २०० अंशांची, त्यामुळे प्लास्टिकचा एकही तुकडा राहून चालत नाही. थर ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे आटे बुजतात आणि सरकणारे पॅनेल घट्ट होतात. शिवाय पावडर विजेच्या ओढीने चिकटते आणि पेटीच्या आतल्या कोपऱ्यांत ती ओढ पोचत नाही, म्हणून रिवेट न काढता दिलेलं कॅबिनेट कोपऱ्यांत उघडंच परत येतं.

स्प्रेचा रंग अर्ध्या तासात हाताला सुकतो, पण आम्ही दोन दिवसांआधी जोडणी करत नाही. पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो. तोवर आत वायरींचे टाय करकचून आवळू नका, वळ उमटतात. नंतर पुसायला ओलं फडकं पुरे. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको. डब्यात उरलेला रंग मागून न्या, ओरखड्यावर कानकाडीच्या कापसाने लावायला उपयोगी पडतो.