सरकारी खर्चाविषयीचा प्रश्न लोकसभेपर्यंत कसा पोहोचवावा: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

केंद्र सरकारच्या एखाद्या योजनेसाठी किती पैसे मंजूर झाले, त्यांतले प्रत्यक्षात किती पोहोचले आणि उरलेल्यांचे काय झाले, हे विचारण्यासाठी लोकसभेतील प्रश्नाइतका वजनदार मार्ग दुसरा नाही. कार्यालयाने दिलेल्या पत्रोत्तराची जबाबदारी एखाद्या अवर सचिवावर असते. सभागृहातील उत्तराची जबाबदारी मात्र थेट मंत्र्यावर येते आणि ते उत्तर चुकीचे निघाले, तर मंत्र्यांना सभागृहासमोरच दुरुस्ती करावी लागते. नागरिकाला स्वतः सभागृहात प्रश्न विचारता येत नाही. तरीही त्याच्यापुढे दोन वाटा खुल्या असतात. खासदारामार्फत प्रश्न मांडता येतो किंवा स्वतःच्या सहीने लोकसभेला विनंती अर्ज करता येतो. दोन्हींसाठी एक रुपयाही शुल्क नाही.

विषय कोणत्या सभागृहाचा, हे आधी ठरवा

बहुतेक तक्रारी याच टप्प्यावर बाद होतात, म्हणून येथे घाई करू नये. जो विषय प्रामुख्याने राज्य सरकारच्या अखत्यारीत येतो, तो लोकसभेत विचारता येत नाही. गावातील पाणीपुरवठ्याची निविदा, जिल्हा परिषद शाळेचे बांधकाम, राज्य महामार्गावरील खड्डे हे विषय आमदारांकडे न्यावेत. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत, तेथेही तारांकित प्रश्न (ज्यांना सभागृहात तोंडी उत्तर मिळते), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी) आणि नागरिकांचे अर्ज तपासणारी विनंती अर्ज समिती ही साधने आहेत, मात्र त्यांचे नियम आणि मुदती वेगळ्या असल्याने त्या विधिमंडळ सचिवालयाकडून समजून घ्याव्यात.

पुष्कळदा विषय राज्याचा आणि पैसा केंद्राचा, अशी स्थिती असते. जल जीवन मिशनचे उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या या योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा ठरला. गावातल्या टाकीला गळती का लागली, हा प्रश्न लोकसभेत टिकणार नाही. पण केंद्राने आपल्या वाट्यातून महाराष्ट्राला किती निधी वितरित केला, त्यातला किती अखर्चित राहिला आणि पुढचा हप्ता कोणत्या कारणाने थांबला, हे प्रश्न तेथे रीतसर विचारता येतात.

खासदारामार्फत प्रश्न: कोणाकडे जावे

आपल्या मतदारसंघाचे खासदार ही पहिली निवड असते. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ सदस्य जातात, तर गोव्यातून अनुक्रमे २ आणि १. आपले खासदार केंद्रात मंत्री असतील, तर ते प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. अशा वेळी राज्यातील दुसऱ्या खासदारांकडे किंवा राज्यसभेच्या सदस्यांकडे जावे. प्रश्न मांडायचा की नाही, हा निर्णय सर्वस्वी खासदारांचा असतो आणि नागरिकाला त्यावर हक्क सांगता येत नाही. म्हणूनच त्यांच्या हाती तयार, पडताळलेला आणि नियमात बसणारा मजकूर देणे हेच आपले खरे काम आहे.

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाच्या उत्तराचा वार ठरलेला असतो. याचा अर्थ असा, की अधिवेशन सुरू झाल्यावर खासदारांच्या कार्यालयात गेलेला माणूस बहुधा उशिरा पोहोचलेला असतो. अधिवेशनाची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता कागद आधीच तयार ठेवावेत.

सोबत कोणती कागदपत्रे द्यावीत

सर्वांत उपयोगी कागद म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या तपशिलाचे संबंधित पान. तेथे एकाच योजनेसमोर मागील वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाची तरतूद असे आकडे ओळीने दिलेले असतात. मूळ अंदाजापेक्षा सुधारित अंदाज खूप खाली आला असेल, तर वर्षाच्या मध्येच निधीला कात्री लागली किंवा पैसे खर्चच होऊ शकले नाहीत, असे दिसते, आणि खासदारांना विचारण्याजोगा प्रश्न नेमका त्या दोन रकान्यांच्या मध्ये सापडतो. दरवर्षी केवळ नव्या तरतुदीच्या बातम्या होतात आणि सुधारित अंदाजाकडे फारसे कोणी पाहत नाही, हे दुर्दैव आहे.

त्याखेरीज भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या अहवालातील संबंधित परिच्छेद क्रमांकासह द्यावा. हे अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवलेले असल्याने त्यांतील आकड्यांवर सहसा वाद होत नाही. माहितीच्या अधिकाराखाली मिळालेले उत्तरही जोडावे. त्या अर्जाचे शुल्क १० रुपये असून दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना ते माफ आहे आणि उत्तरासाठी साधारणतः ३० दिवसांची मुदत असते. वृत्तपत्रातील कात्रण पुरावा म्हणून पुरेसे नाही. याच विषयावर आधी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लोकसभेच्या संकेतस्थळावर शोधून त्यांचे क्रमांक आणि तारखा आपल्या टिपणात नमूद कराव्यात, कारण ज्याचे उत्तर आधीच दिलेले आहे, तो प्रश्न पुन्हा स्वीकारला जात नाही.

प्रश्नाचा मजकूर

मजकूर १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप किंवा बदनामीकारक विधान चालत नाही; मंत्र्याचे मत विचारता येत नाही; न्यायालयात प्रलंबित असलेला विषयही टाळावा लागतो. ‘या योजनेतला पैसा कोणी खाल्ला?’ हा संताप कितीही रास्त असला, तरी अशा शब्दांतला प्रश्न सचिवालयातच बाद होईल. तोच राग नियमात बसवला, तर पुढील रूप होते:

(अ) मागील तीन आर्थिक वर्षांत जल जीवन मिशनअंतर्गत महाराष्ट्राला मंजूर, वितरित आणि प्रत्यक्ष खर्च झालेल्या केंद्रीय निधीचा वर्षनिहाय व जिल्हानिहाय तपशील काय आहे;
(आ) यांपैकी अखर्चित रक्कम किती आहे आणि त्याची कारणे कोणती;
(इ) कोणत्या रकमांची उपयोगिता प्रमाणपत्रे अद्याप प्रलंबित आहेत, आणि
(ई) याबाबत सरकारने कोणती कार्यवाही केली आहे?

या चार भागांत एकही विशेषण नाही, पण भाग (इ) मंत्रालयाला नेमक्या जागी उभे करतो, कारण खर्च झाल्याचे प्रमाणपत्र आले नसेल, तर पैसे गेले कुठे, हा पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात, एका सदस्याच्या नावे त्यांतला एकच येतो आणि यादीतला क्रम सोडतीने ठरतो. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर पूरक प्रश्न, म्हणजे उत्तर ऐकून तेथेच विचारलेले उपप्रश्न, विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते आणि असे २३० पर्यंत प्रश्न एका दिवशी घेतले जातात. तारांकित यादीत नाव आले नाही म्हणून निराश होऊ नये. जिल्हानिहाय आकडेवारी हवी असेल, तर अतारांकित प्रश्नच अधिक उपयोगी पडतो, कारण उत्तरासोबत तक्ते जोडले जातात.

पूरक प्रश्नांची ताकद १९५७ साली देशाने पाहिली. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे १.२४ कोटी रुपयांचे समभाग का घेतले, हा विषय लोकसभेत प्रश्नाच्या रूपाने आला आणि सत्ताधारी पक्षाचेच खासदार असलेल्या फिरोज गांधींनी तो सोडला नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी मुंबईत जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावे लागले.

स्वतः करायचा विनंती अर्ज

खासदारांनी दाद दिली नाही, तरी ही वाट उरते. विनंती अर्ज लोकसभेला उद्देशून, ठरलेल्या नमुन्यात आणि संयत, आदरपूर्वक भाषेत लिहावा लागतो. शेवटी आपली नेमकी मागणी स्पष्ट शब्दांत मांडावी लागते. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत असावा. मराठीत लिहिलेला अर्ज चालतो, पण त्याला यांपैकी एका भाषेतील अनुवाद जोडून त्यावर अर्जदाराने सही करणे आवश्यक आहे. प्रत्येक सही करणाऱ्याचे पूर्ण नाव आणि पत्ता हवा, सही येत नसल्यास अंगठा चालतो. सह्या एकाहून अधिक पानांवर गेल्या, तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणी पुन्हा लिहावी लागते. सह्यांची मोहीम काढणाऱ्या संस्था नेमके हेच विसरतात आणि कष्टाने जमवलेल्या शेकडो सह्या अडचणीत येतात.

येथे कागदपत्रांचा नियम उलटा आहे. विनंती अर्जाला पत्रे, प्रतिज्ञापत्रे किंवा इतर दस्तऐवज जोडता येत नाहीत, म्हणून आकडे आणि अहवालांचे क्रमांक मजकुरातच गुंफावेत. अर्ज लोकसभा सचिवालयाच्या प्रमुखांकडे, म्हणजे महासचिवांकडे थेट पाठवता येतो किंवा खासदारांनी प्रतिस्वाक्षरी करून तो सभागृहात सादर करता येतो. न्यायालय, न्यायाधिकरण किंवा चौकशी आयोगापुढे असलेला विषय, राज्य विधिमंडळात मांडण्याजोगा विषय आणि ज्यावर कायद्याने अन्य दाद उपलब्ध आहे असा विषय स्वीकारला जात नाही. त्यामुळे वैयक्तिक थकबाकी किंवा एखाद्या निविदेचा वाद येथे आणू नये.

पैसे देऊ नयेत, कोणी मागितल्यास थांबावे

प्रश्न मांडून देण्यासाठी खासदाराला किंवा मध्यस्थाला मोबदला देणे हा गुन्हा आहे. १९५१ साली मुंबईतील सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून लाभ घेतल्याच्या प्रकरणात एच. जी. मुद्गल यांना संसदेचे सदस्यत्व सोडावे लागले, तर डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याबद्दल ११ खासदारांची हकालपट्टी झाली. सभागृहातील कामासाठी घेतलेल्या लाचेला संसदीय विशेषाधिकाराचे संरक्षण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ४ मार्च २०२४ रोजी दिला आहे.

उत्तर आल्यानंतर

उत्तरात ‘माहिती संकलित केली जात असून पटलावर ठेवण्यात येईल’ असे वाक्य आले, तर तो विषय संपलेला नसतो. ते आश्वासन मानले जाते, त्याची पूर्तता तीन महिन्यांत अपेक्षित असते आणि त्यावर शासकीय आश्वासन समिती लक्ष ठेवते. प्रश्न क्रमांक आणि उत्तराची तारीख लिहून ठेवावी, तीन महिने उलटताच खासदारांना त्याच क्रमांकाचा हवाला देऊन लेखी स्मरणपत्र पाठवावे आणि त्याची पोचपावती घ्यावी.