'बुलफायटर्स' शेवटचा की 'अटोल के'?

लॉरेल-हार्डी, म्हणजे आपले जाड्या-रड्या, यांचा शेवटचा चित्रपट कोणता, या प्रश्नावर पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरीकडच्या नाटकवेड्या मंडळींतही दोन नावांची सरमिसळ होते आणि त्याहून वाईट म्हणजे एकाच्या अपयशाचे कारण दुसऱ्याच्या माथी मारले जाते. 1945 चा 'द बुलफायटर्स' हा त्यांचा शेवटचा हॉलिवूडपट; अखेरचा चित्रपट 1951 चा 'अटोल के'. तोच इंग्लंडमध्ये 'रॉबिन्सन क्रुसोलँड' आणि अमेरिकेत 'युटोपिया' म्हणून लागला; नावांवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

'बुलफायटर्स'ची कथा सांगत बसायला नको. मेक्सिको, दोन गुप्तहेर आणि लॉरेलसारखाच दिसणारा मातादोर, म्हणजे बैलाशी झुंजणारा. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या मुलखात बैल म्हटले की अर्धे काम होतेच.

'दोघे थकले, म्हणून शेवटचे चित्रपट पडले' हे सरसकट विधान मात्र आता ऐकवत नाही. 1945 मध्ये त्यांना कमी पडली ती ताकद नव्हे, तर सत्ता. आधी निर्माता हॅल रोचकडे लॉरेल विनोदाच्या आखणीपासून संकलनापर्यंत लक्ष घालत असे. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओत दुसऱ्यांनी लिहिलेली पटकथा हातात पडे. तरीही 1934 च्या 'हॉलिवूड पार्टी'तला अंडी फोडण्याचा खेळ 'बुलफायटर्स'मध्ये पुन्हा रंगतो, कारण प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत निमूट थांबतो आणि हसू त्या थांबण्यातूनच येते.

'अटोल के'मध्ये उलटे झाले. लॉरेलने मदतीला आपल्या ओळखीचे विनोदलेखक बोलावले, पण प्रकृतीने दगा दिला. बारा आठवड्यांचे चित्रीकरण ऑगस्ट 1950 पासून एप्रिल 1951 पर्यंत रखडले, मध्ये लॉरेल रुग्णालयात होता आणि त्याचे वजन सुमारे 52 किलोवर आले. गालांची हाडे वर आलेला तो चेहरा डोके खाजवून भाबडेपणा दाखवतो, तेव्हा हसण्याऐवजी काळजीच वाटते. त्यात फ्रान्स-इटलीच्या या निर्मितीत नट आपापल्या भाषेत बोलत आणि इतरांचे आवाज नंतर भरले गेले. दंडारीत, म्हणजे आपल्या लोकनाट्यात, समोरच्याचे वाक्यच कळले नाही, तर टोला नेमका कुठे द्यायचा? हार्डी अजूनही कॅमेऱ्याकडे पाहून उसासा टाकतो, पण त्याआधीचे उत्तर वेळेवर आलेलेच नसते. वारशाचे बेट, वाटेत लागलेले दुसरेच नवे बेट, त्यावर सापडलेले युरेनियम आणि कायद्याविना राज्य, एवढे सगळे कथेत कोंबल्याने उरलासुरला विनोदही चेंगरतो.

अमेरिकेत हक्क मोकळे असल्याने 'युटोपिया'च मोबाईलवर फुकट आणि आधी सापडतो, ही खरी पंचाईत आहे. मुलांना तो पहिला दाखवूच नये. 1932 चा 'द म्युझिक बॉक्स' लावावा.